मंडळांनी ही एक शाळाही भरवावी

कॅलिफोर्नियातल्या महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सभासद यांस,

गणपतीचा हिशोब, दिवाळी अंकाच्या जाहिराती, मराठी शाळेच्या वर्गखोल्यांचं भाडं आणि नाटकाच्या दौऱ्याची तिकिटं या सगळ्यात आपण गळ्यापर्यंत बुडालेले असता, याची मला पूर्ण कल्पना आहे. तरीही एक नवं काम सुचवण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. पत्र खुलं ठेवलं आहे, कारण यातला मजकूर मंडळाच्या वर्गणीदारांपुरता नाही. या राज्यात घर करून, नागरिकत्वाची शपथ घेऊन राहिलेल्या प्रत्येक मराठी माणसाला तो लागू आहे. विषय सिव्हिल ग्रँड ज्युरीचा आहे, आणि त्यातही तिच्यावर बसण्याआधी करायच्या तयारीचा.

ज्युरी म्हटलं की आपल्या पिढीला मुंबईचा नानावटी खटला आठवतो, ती आठ विरुद्ध एक अशी मतं आणि त्यानंतरचा गदारोळ. इथे वाढलेल्या मुलांना आठवतं ते टपालाने येणारं समन्स. सिव्हिल ग्रँड ज्युरी या दोन्हींत बसत नाही. तिच्यासमोर आरोपी नसतो, वकिलांची जुगलबंदी नसते, निकालही नसतो. कॅलिफोर्नियाच्या संविधानाने प्रत्येक काउंटीत वर्षातून किमान एकदा ग्रँड ज्युरी बोलावलीच पाहिजे असं बंधन घातलं आहे. काउंट्या 58. बहुतेक ठिकाणी ज्युरीत 19 जण असतात, लॉस एंजेलिससारख्या अवाढव्य काउंटीत 23, आणि डोंगरातल्या चिमुकल्या काउंट्यांना 11 जणांवर भागवता येतं. बहुतेक काउंट्यांत ज्युरीचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं.

हे लोक वर्षभर स्थानिक कारभार तपासतात. काउंटीची खाती, काउंटीतली शहरं, आणि ज्यांची नावंही आपल्याला धड ठाऊक नसतात असे स्पेशल डिस्ट्रिक्ट. प्रॉपर्टी टॅक्सचं बिल एकदा नीट वाचून पाहा. पाणी, सांडपाणी, अग्निशमन, डास निर्मूलन अशा नावांच्या ओळी त्यात दिसतील. काही ठिकाणी दफनभूमीचासुद्धा स्वतंत्र डिस्ट्रिक्ट असतो. प्रत्येकाचं वेगळं बोर्ड, वेगळं बजेट. त्यांच्या सभांना प्रेक्षक म्हणून कोण जातं? बहुतेक वेळा कुणीच नाही. पूर्वी स्थानिक वर्तमानपत्राचा एखादा वार्ताहर मागच्या बाकावर बसलेला असे. ती वर्तमानपत्रं एकामागून एक आटली, आणि बाकं रिकामी पडली. या बोर्डांच्या कारभारात शिरून तपास करण्याचा कायदेशीर अधिकार ज्या सामान्य नागरिकांकडे उरला आहे, ते म्हणजे हे 19 जण. काउंटीतलं कुठलंही सार्वजनिक दप्तर त्यांना विनाशुल्क पाहता येतं. तुरुंगात जाता येतं. खरं तर काउंटीतल्या तुरुंगांची स्थिती आणि व्यवस्था दरवर्षी पाहणं त्यांच्यावर बंधनकारकच आहे. भारतात माहितीच्या अधिकारात अर्जदार खिडकीच्या बाहेर उभा असतो. इथे ज्युरर आत जाऊन कपाट उघडू शकतो.

मी एक वर्ष हे काम केलं आहे. काय तपासलं, कोणाला भेटलो, खोलीत काय चर्चा झाली, यातलं काहीच सांगता येत नाही. गुप्ततेची शपथ वर्ष संपलं म्हणून संपत नाही. म्हणून या पत्रात जे काही लिहितो आहे ते कायद्याच्या पुस्तकातलं आणि प्रसिद्ध झालेल्या नोंदींतलं आहे.

आता मुद्द्याकडे येतो. कायदा ज्युरीला प्रशिक्षण द्यायला सांगतो. पीनल कोडच्या कलम 914 नुसार कोर्टाने सरकारी वकील, काउंटी कौन्सेल आणि किमान एक माजी ज्युरर यांच्याशी सल्लामसलत करून हे प्रशिक्षण होईल असं पाहायचं असतं, आणि त्यात निदान तीन गोष्टी असाव्याच लागतात: अहवाल कसा लिहायचा, मुलाखत कशी घ्यायची, आणि ज्युरीचा अधिकार कुठपर्यंत जातो. वाचायला छान. पण त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की याचा खर्च असलेल्या तरतुदीतूनच भागवायचा. आपण सगळे कधी ना कधी संस्था चालवलेली माणसं आहोत. वेगळी तरतूद नसलेल्या कामाचं काय होतं ते मी आपल्याला सांगायला नको. कुठे दोन दिवसांचं शिबिर होतं, कुठे थोडं अधिक. माजी ज्युररांची एक राज्यव्यापी संघटना आहे. तिचे स्वयंसेवक काउंटी-काउंटीत फिरून शिकवतात आणि फार चांगलं शिकवतात. ते नसते तर अनेक ठिकाणी नव्या ज्युररांच्या हाती एक जाडजूड फाइल देऊन कोर्टाने हात झटकले असते, असं माझं मत आहे.

यातली आणखी एक गोम सांगतो. ज्युरीला कायद्याचा सल्ला देणाऱ्यांत काउंटी कौन्सेल असतो. हाच माणूस काउंटीचा वकील असतो, म्हणजे ज्या खात्यांची तपासणी व्हायची त्यांचाही. त्यात कुणाच्या सचोटीवर संशय घेण्याचं कारण नाही, आणि हितसंबंध आड आले तर दुसरीकडून सल्ला घेण्याची सोय आहे. पण नवख्या ज्युररला ‘हे तुमच्या अधिकारात बसत नाही’ असं एखाद्या वकिलाने सांगितलं, तर ‘कुठल्या कलमाखाली?’ असं विचारण्याइतका अभ्यास त्याच्याजवळ हवा. तो दोन दिवसांत येत नाही.

शिवाय वर्ष म्हणायला बारा महिन्यांचं. पहिले दोन महिने एकमेकांची नावं, समित्या आणि कलमं समजण्यात जातात. शेवटचे दोन-तीन महिने मसुदे, दुरुस्त्या, कायदेशीर तपासणी आणि न्यायाधीशांकडे पाठवणी यात संपतात. खरं खणायला जेमतेम सात महिने उरतात. जुन्या ज्युरीतले काही जण पुढच्या वर्षी ठेवण्याची मुभा कायद्यात आहे, दहापर्यंत. तेवढाच काय तो अनुभवाचा धागा. बाकीचे दर जुलैत श्रीगणेशा करतात. म्हणून माझं म्हणणं असं की तयारी निवड झाल्यावर सुरू करून उपयोग नाही. ती आधी व्हायला हवी, निवड होवो न होवो. आणि ती करण्यासाठी आपल्या मंडळांइतकी तयार व्यवस्था दुसरीकडे क्वचितच असेल: वर्गखोल्या आहेत, शनिवार-रविवारची सवय आहे, निवृत्त शिक्षक आहेत, चहा आहे.

‘पण आपली माणसं तिथे कशाला जातील?’ असं कुणीतरी विचारेलच. प्रश्न रास्त आहे. कायद्यातला मूळ भत्ता दिवसाला 15 डॉलर आणि गाडीभाडं. काउंटीला वाढवता येतो, काहींनी वाढवलाही आहे. काम मात्र आठवड्यात दोन-तीन दिवस, काही ठिकाणी त्याहून जास्त. नोकरी करणाऱ्याला हे परवडत नाही. त्यामुळे या खोल्यांमध्ये बहुधा निवृत्त, सुस्थितीतली आणि पिढ्यान्‌पिढ्या इथलीच असलेली माणसं दिसतात, अशी टीका वर्षानुवर्षं होते आहे. पण आपल्या समाजाचं वय पाहा ना. सत्तरीच्या दशकात आलेले इंजिनिअर आणि डॉक्टर कधीच निवृत्त झाले. नव्वदीत सॉफ्टवेअरसाठी आलेले आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. भारतात ऑडिट खात्यात, बँकेत, पाटबंधारे खात्यात उभी हयात घालवून नंतर मुलांकडे येऊन इथले नागरिक झालेले आजी-आजोबा आहेत. मोजमाप-पुस्तिकेतली खाडाखोड दुरून ओळखणारा माणूस घरात नातवंडांना शाळेतून आणण्याचं काम करतो आहे. तेही काम मोठंच आहे, पण त्या माणसाला आणखी एक काम देता येईल.

पात्रता सोपी आहे. अमेरिकेचं नागरिकत्व हवं, वय 18 पूर्ण हवं, नेमणुकीआधी सलग एक वर्ष राज्यात आणि त्या काउंटीत राहिलेलं हवं, पुरेसं इंग्रजी यायला हवं. ‘पुरेसं’ असाच शब्दप्रयोग कायद्यात आहे. उच्चार कुठल्या देशाचे याबद्दल कायदा काही म्हणत नाही. मोठा गुन्हा नावावर नसावा, निवडून आलेलं पद हातात नसावं. ग्रीन कार्डावर असलेल्यांना बसता येत नाही. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना तर नाहीच, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं, म्हणजे उगाच कुणाचा हिरमोड नको. अर्ज, मग न्यायाधीशांसमोर मुलाखत, आणि पात्र ठरलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून नावं निघतात. वशिल्याचा उपयोग नाही, ही आपल्यातल्या काहींना गैरसोयीची वाटेल अशी बाब.

आता या शाळेत शिकवायचं काय? कलमं पाठ करून घेण्याची गरज नाही. माझ्या मते दोनच गोष्टींवर घाम गाळावा लागेल, कारण त्या दोन्ही आपल्या सवयीच्या विरुद्ध जाणाऱ्या आहेत.

पहिली, प्रश्न विचारणं. आपल्या कुठल्याही व्याख्यानानंतरचा प्रश्नोत्तरांचा तास आठवा. प्रश्न विचारायला उठलेले गृहस्थ आधी पाच मिनिटं स्वतःचं मत मांडतात, मग वक्त्याची चूक दाखवतात आणि शेवटी ‘यावर आपलं काय म्हणणं?’ असं म्हणून खाली बसतात. ज्युरीच्या मुलाखतीत हे चालत नाही. अहवालात जी मुलाखत आधार म्हणून घ्यायची, तिला किमान दोन ज्युरर हजर असावे लागतात. एकाने ऐकलं आणि दुसऱ्याने मानलं असं होत नाही. प्रश्न आधी लिहून, आपसात तपासून घेतलेले असतात. समजा, एका शहरात पावसाळी गटारांच्या दुरुस्तीचं टेंडर रखडलं. ‘टेंडर काढायला एवढा उशीर का केलात?’ असं विचारलं की समोरचा अधिकारी ढाल पुढे करतो. उशीर झाला आणि तो तुम्ही केला, हे दोन्ही निष्कर्ष प्रश्नातच घालून बसलो आपण. त्याऐवजी ‘दुरुस्तीची गरज नोंदवली गेल्यापासून टेंडर निघेपर्यंत फाइल कुठे कुठे जाते, ते क्रमाने सांगाल का?’ असं विचारावं आणि गप्प बसावं. गप्प बसणं फार अवघड असतं. समोरचा माणूस थांबला की आपण ‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का...’ म्हणून त्याचं वाक्य पुरं करतो, आणि मग त्याच्या तोंडून आपलंच मत ऐकून परततो. तसं न करता थांबलं, तर बरेचदा तो स्वतःच म्हणतो, ‘तसा एक टप्पा राहिला सांगायचा.’ तपासाची दिशा त्या राहिलेल्या टप्प्यात असते. मग त्याने सांगितलेली तारीख कागदावर शोधायची, आणि तीच गोष्ट दुसऱ्या खात्यातल्या माणसाला वेगळ्या बाजूने विचारायची. तिन्ही जुळलं तर ते तथ्य. एकाने सांगितलं तर ती नुसती माहिती, कितीही चटकदार असली तरी.

हे शिकवायला व्याख्यान नको. दोन खुर्च्या समोरासमोर मांडाव्यात, एकाने सॅनिटरी डिस्ट्रिक्टचा मॅनेजर व्हावं, दोघांनी ज्युरर व्हावं, बाकीच्यांनी पाहावं. एकांकिका स्पर्धांवर वाढलेल्या लोकांना हे जमायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट लेखनाची, आणि इथेच बहुतेक ज्युऱ्यांचा घात होतो. कायद्याने अहवालाला मोजकी पण कडक चौकट घातली आहे. निष्कर्षाला नोंदवलेला पुरावा हवा. दोष दाखवला तर त्यावरचा उपाय सुचवायलाच हवा, शक्य तिथे पैशांच्या बाजूसह. आणि 19 जणांच्या ज्युरीत किमान 12 जणांची संमती हवी. अहवाल गेल्यावर संबंधित बोर्डाने किंवा कौन्सिलने 90 दिवसांत आणि निवडून आलेल्या काउंटी अधिकाऱ्याने 60 दिवसांत लेखी उत्तर द्यायचं असतं. उत्तरही मोघम चालत नाही. निष्कर्ष मान्य आहे की नाही, नसेल तर कुठला भाग अमान्य आणि का. शिफारशीबाबत चारच वाटा: अमलात आणली, अजून नाही पण अमुक काळात आणू, आणखी अभ्यास हवा, तोही सहा महिन्यांच्या आत, किंवा आणणार नाही, कारण ती अनावश्यक किंवा अवाजवी आहे, आणि त्याचं स्पष्टीकरण.

आता गंमत पाहा. समजा एका छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये एकच कारकून चेक लिहितो, तोच टपालात टाकतो आणि महिनाअखेर बँकेच्या स्टेटमेंटशी हिशोबही तोच जुळवतो. कुणी चोरी केलेली नाही. ज्युरीने शिफारस लिहिली: ‘डिस्ट्रिक्टने आपलं आर्थिक व्यवस्थापन सुधारावं.’ उत्तर आलं: ‘शिफारस अमलात आणली आहे. सुधारणा ही आमच्याकडे निरंतर चालणारी प्रक्रिया आहे.’ संपलं. वर्षभराची मेहनत एका वाक्याच्या ढिलाईने पाण्यात. तेच असं लिहिलं असतं: ‘31 डिसेंबरपर्यंत बोर्डाने लेखी नियम मंजूर करावा की चेक लिहिणारी व्यक्ती बँकेचा हिशोब जुळवणार नाही, आणि जुळवलेल्या हिशोबावर दर महिन्याला एका बोर्ड सदस्याची सही असेल.’ आता उत्तर देणाऱ्याला पळवाट नाही. नियम केला की नाही, सही आहे की नाही, हे पुढच्या वर्षीची ज्युरी पाच मिनिटांत पाहू शकते.

ही वाक्यं घासूनपुसून लिहिण्याची कला आपल्याला वर्गात शिकवता येते, आणि पाठ्यपुस्तक फुकट आहे. बहुतेक काउंट्यांत सुपीरियर कोर्टाच्या किंवा काउंटीच्या संकेतस्थळावर मागचे अहवाल आणि त्यांना आलेली उत्तरं ठेवलेली असतात. आपल्या काउंटीचा एक अहवाल आणि त्याचं उत्तर समोरासमोर ठेवून वाचावं. कुठली शिफारस निसटली आणि कुठल्या शब्दामुळे निसटली, हे शोधावं. कवितेचं रसग्रहण ज्या बारकाईने करतो तेवढीच बारकाई इथे लागते, रस मात्र फारसा मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गुप्ततेचा धडा वेगळा घ्यावा लागेल. घरी बायकोला किंवा नवऱ्यालाही सांगायचं नाही, मग पॉटलकमध्ये तर विचारूच नका. ओळखीच्या माणसाच्या खात्याची चौकशी निघाली तर आपण होऊन बाजूला व्हायचं. आपल्या समाजात सगळेच सगळ्यांना ओळखतात आणि ‘काय हो, तिकडे काय चाललंय?’ हा प्रश्न निरागसपणेच विचारला जातो. त्याला हसून बगल देण्याचा सराव हवा. याचं महत्त्व कळायला लांब जायला नको. ऑक्टोबर 2022 मध्ये सँटा क्लॅरा काउंटीच्या सिव्हिल ग्रँड ज्युरीने सँटा क्लॅरा शहराच्या कौन्सिलवर अहवाल लिहिला. शहराच्या मालकीचं स्टेडियम, तिथे खेळणारा फोर्टीनाइनर्स हा फुटबॉल संघ, आणि कौन्सिलच्या काही सदस्यांची त्या संघाशी जवळीक, हा त्याचा विषय. अहवाल अधिकृतपणे बाहेर येण्याआधीच फुटला. तो फोडून नंतर शपथेवर नाकारल्याबद्दल कौन्सिल सदस्य अँथनी बेकर यांच्यावर खटला चालला आणि डिसेंबर 2024 मध्ये ते खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरले. तिथे ज्युररांनी गुप्तता पाळली होती. फोडणारा बाहेरचा होता. तरी एका फुटलेल्या मसुद्याने केवढा गुंता होतो, ते दिसलं.

आपण सगळी व्यवहारी माणसं आहोत, त्यामुळे शेवटी विचाराल: या ज्युरीला दात आहेत का? खरं उत्तर असं की एक सुळा आहे आणि तो क्वचितच वापरला जातो. हेतुपुरस्सर किंवा भ्रष्ट गैरवर्तनाबद्दल स्थानिक अधिकाऱ्याला पदावरून काढण्यासाठी ज्युरी औपचारिक आरोप दाखल करू शकते, आणि मग त्यावर रीतसर खटला चालतो. सँटा क्लॅरा काउंटीच्या शेरिफ लॉरी स्मिथ 1998 पासून निवडून येत होत्या. डिसेंबर 2021 मध्ये तिथल्या सिव्हिल ग्रँड ज्युरीने त्यांच्यावर सात आरोप ठेवले. बंदूक बाळगण्याच्या परवान्यांत मेहेरनजर हा त्यातला गाभा. नोव्हेंबर 2022 मध्ये त्या दोषी ठरल्या. निकालाच्या काही दिवस आधी त्यांनी राजीनामा दिला होता. कुपर्टिनो आणि सनीव्हेलमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी हजारो लोकांच्या त्या शेरिफ होत्या. ज्यांनी हे काम केलं, ते तुमच्याआमच्यासारखे नागरिक होते.

एरवी मात्र ज्युरी फक्त सांगू शकते, करवून घेऊ शकत नाही. बट काउंटीतलं पॅराडाइज गाव आठवत असेल. तिथे 2008 च्या उन्हाळ्यात मोठी आग लागली, लोकांना गाव सोडावं लागलं आणि रस्ते तुंबले. 2008-09 च्या ग्रँड ज्युरीने हे तपासलं. गावातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांची क्षमता अपुरी आहे असं लिहिलं, आणि आगीच्या पट्ट्यात नव्या घरांच्या बांधकामाला स्थगिती द्यावी असं सुचवलं. काउंटीच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सनी ती स्थगिती अवाजवी ठरवून नाकारली. कायद्याने दिलेल्या चारपैकी चौथी वाट त्यांनी घेतली, यात बेकायदा काही नव्हतं. 8 नोव्हेंबर 2018 रोजी कॅम्प फायर लागली. 85 माणसं गेली, 18,000 हून अधिक बांधकामं जळाली, आणि लोक त्याच रस्त्यांवर गाड्यांत अडकले. शिफारस मानली असती तर किती जीव वाचले असते, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, मीही सांगणार नाही. पण नऊ वर्षं आधी काही नागरिकांनी नेमका तोच धोका कागदावर मांडला होता, आणि त्यांची शिफारस नाकारली गेली, एवढं खरं. म्हणून या शाळेत फक्त ज्युरर होऊ इच्छिणाऱ्यांनीच यावं असं नाही. आलेलं उत्तर वाचणारे, 90 दिवस मोजणारे आणि बोर्डाच्या सभेत तीन मिनिटं उभं राहून ‘त्या शिफारशीचं काय झालं?’ असं विचारणारेही घडवायला हवेत.

एक जुनी गोष्ट जाता जाता. 1826 च्या कायद्याने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथल्या ज्युऱ्यांची दारं हिंदी लोकांना किलकिली झाली, पण ग्रँड ज्युरीत बसायला हिंदू-मुसलमानांना मज्जावच राहिला. त्याविरुद्ध विलायतेपर्यंत अर्ज गेले, आणि 1832 च्या कायद्याने ते दार उघडलं. मुंबईत हा हक्क मागणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट यांचं नाव घेतलं जातं. पुढे 1865 मध्ये तिथली ग्रँड ज्युरीच बंद झाली. शंकरशेट यांच्या पिढीला जी खुर्ची भांडून मिळवावी लागली, ती इथे आपल्यासाठी मोकळी आहे आणि आपण तिच्याकडे फिरकत नाही.

मंडळाच्या करसवलतीला यातून धक्का बसेल का, अशी शंका खजिनदारांना येईल. आपण कुठल्या उमेदवाराचा किंवा पक्षाचा प्रचार करत नाही. नागरिकशास्त्राचा वर्ग घेतो आहोत. एक पथ्य मात्र पाळावं. ‘आपला माणूस आत गेला पाहिजे’ या भाषेत हे काम मांडू नये. आत गेलेला माणूस मंडळाचा प्रतिनिधी नसतो, काउंटीचा असतो, आणि मंडळाला काउंटीकडून हॉल किंवा अनुदान मिळत असेल तर त्या विषयापासून त्याने दूरच राहायला हवं. वर्ग इतरांनाही खुला ठेवा. तेलुगू, पंजाबी, फिलिपिनो, मेक्सिकन शेजारी आले तर उत्तमच. वर्ग तसाही इंग्रजीतच घ्यावा लागेल, कारण अहवाल इंग्रजीत लिहायचा असतो.

करायचं ते थोडक्यात असं. आपल्या काउंटीतल्या एखाद्या माजी ज्युररला बोलवून एक संध्याकाळ ठेवा. त्यांची नावं बहुधा प्रसिद्ध झालेल्या अहवालांवर असतात आणि प्रक्रियेबद्दल बोलायला त्यांना बंदी नाही. माजी ज्युररांच्या संघटनेला पत्र टाका. मग पाच शनिवारचा वर्ग: एक कायद्यासाठी, दोन मुलाखतीसाठी, दोन लेखनासाठी. वर्गाअखेर परीक्षा नको, प्रमाणपत्र तर नकोच. अर्ज भरला की नाही, एवढंच विचारा.

बहुतेक काउंट्या पुढच्या जुलैसाठीचे अर्ज हिवाळ्यात आणि वसंतात मागवतात, म्हणजे वर्ग दिवाळीनंतर लगेच सुरू व्हायला हवा. कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्यावा, अशी विनंती आहे. शिकवायला मी येईन.

कळावे,
आपला,
एक माजी ज्युरर